एसएमएमयूच्या व्हर्च्युअल कमांड क्यूसाठी कर्नेल ड्रायव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत एका मित्राच्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण लिनक्स कर्नेलचा कोड वाचायला जमतो. पोहे-जिलेबी आटोपली की भिंतीवर प्रोजेक्टर लागतो आणि दुपारच्या जेवणाची हाक येईपर्यंत वाचन चालते. गेले काही महिने एनव्हीडियाच्या ग्रेस प्रोसेसरमधील व्हर्च्युअल कमांड क्यूचा ड्रायव्हर आमच्या वाचनात आहे. सुपर कॉरिडॉरवर नोकरी करणारे किंवा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असलेले नवे सदस्य मधूनच येतात आणि बहुधा त्याच शंका विचारतात, म्हणून त्या येथे उत्तरांसह लिहून ठेवल्या आहेत. वाचकाला सी भाषा, पेज टेबल आणि व्हर्च्युअल मशीन यांची तोंडओळख आहे असे गृहीत धरले आहे.

एसएमएमयू म्हणजे काय, आणि त्याला कमांड द्याव्या का लागतात?

प्रोसेसरमधला एमएमयू जसा प्रोग्रामचे पत्ते खऱ्या मेमरीच्या पत्त्यांत बदलतो, तसेच काम नेटवर्क कार्ड, जीपीयू किंवा एनव्हीएमई डिस्क यांच्यासाठी करणारा भाग म्हणजे आयओएमएमयू. आर्मच्या रचनेत त्याला एसएमएमयू म्हणतात आणि त्याची सध्या प्रचलित असलेली रचना तिसऱ्या आवृत्तीची आहे. भाषांतराचे कोष्टक मेमरीत असते. ते दर वेळी वाचणे परवडत नाही, म्हणून एसएमएमयू आधी वाचलेल्या नोंदी आपल्या टीएलबीमध्ये जपून ठेवतो. कर्नेलने कोष्टकातली नोंद काढली तरी टीएलबीमधली जुनी प्रत तशीच राहते, आणि त्या प्रतीच्या आधारे एखादे उपकरण दुसऱ्याच कोणाच्या हाती गेलेल्या पानावर लिहू शकते. हा धोका टाळण्यासाठी कर्नेलला एसएमएमयूला "ही नोंद विसर" असे सांगावे लागते, आणि तो खरोखरच विसरला आहे याची खात्री होईपर्यंत थांबावे लागते.

हे सांगण्याचे साधन म्हणजे कमांड क्यू. ही मेमरीतच असलेली एक गोल रांग असते आणि तिच्यातली प्रत्येक कमांड १६ बाइटची असते. टीएलबीमधील नोंदी रद्द करणे, उपकरणाच्या नोंदीतला बदल कळवणे, पीसीआय उपकरणाने स्वतःजवळ ठेवलेले भाषांतर रद्द करणे, अशा निरनिराळ्या कमांड तिच्यात टाकता येतात. "येथवरचे सारे पुरे झाले का" हे विचारणाऱ्या कमांडला सिंक म्हणतात.

ही गोल रांग प्रत्यक्ष कशी चालते?

फळ्यावर आम्ही आठ घरांची रांग काढतो. खऱ्या रांगेत घरे पुष्कळ असतात. ४ केबीच्या एका पानात २५६ कमांड मावतात आणि ६४ केबीच्या पानात ४०९६. रांगेला दोन रजिस्टर असतात. प्रॉड म्हणजे कर्नेलने कुठवर लिहिले आणि कॉन्स म्हणजे हार्डवेअरने कुठवर वाचले. आठ घरांसाठी घराचा क्रमांक खालच्या तीन बिटांत बसतो आणि त्यांच्या वरच्या चौथ्या बिटावर फेरीची खूण असते.

समजा दोन्ही रजिस्टरांत ६ आहे, म्हणजे रांग रिकामी आहे. कर्नेल सहाव्या घरात टीएलबी रद्द करण्याची कमांड लिहितो आणि सातव्या घरात सिंक लिहितो. त्यानंतर मेमरी बॅरियर, म्हणजे आधीचे लिहिणे पुढच्या लिहिण्याच्या आधीच दिसेल अशी हमी देणारी सूचना, घालून तो प्रॉडमध्ये ८ लिहितो. आठचे खालचे तीन बिट शून्य आहेत, म्हणजे पुढचे घर शून्य क्रमांकाचे, आणि फेरीची खूण उलटलेली आहे. हार्डवेअर दोन्ही कमांड वाचते आणि कॉन्सही ८ करते. दोन्ही समान झाले, म्हणजे रांग पुन्हा रिकामी झाली. घर तेच पण फेरीची खूण वेगळी, जसे प्रॉडमध्ये ८ आणि कॉन्समध्ये ०, असे दिसले तर रांग भरलेली आहे. तो बॅरियर विसरला तर हार्डवेअर प्रॉडची नवी किंमत आधी पाहते आणि घरातली जुनी कमांड वाचते. असा दोष दहा हजारांत एकदा दिसतो आणि शोधायला आठवडा घेतो.

एका एसएमएमयूला एक रांग असते. मग अडचण कुठे आहे?

सर्व कोर एकाच रांगेत लिहू पाहतात, ही अडचण आहे. ग्रेसमध्ये ७२ निओव्हर्स व्ही२ कोर आहेत आणि दोन ग्रेस जोडलेल्या सुपरचिपमध्ये १४४. रांगेभोवतीचे साधे कुलूप एवढ्या गर्दीला पुरत नाही हे कर्नेलमध्ये आधीच लक्षात आले होते, आणि कर्नेल विकासक विल डीकन यांनी केलेला मोठा बदल २०१९च्या ५.४ आवृत्तीत आला. त्यानुसार प्रत्येक कोर एका अणुक्रियेने, म्हणजे मध्ये दुसरा कोणी शिरू शकत नाही अशा एकसंध क्रियेने, रांगेत आपल्यापुरती जागा राखून ठेवतो आणि कुलूप न घेता तिथे लिहितो. त्या गटातला पहिला कोर बाकीच्यांचे लिहून होण्याची वाट पाहतो आणि सर्वांच्या वतीने प्रॉड पुढे सरकवतो. ही रचना अत्यंत सुरेख आहे. तरीही हार्डवेअर शेवटी एकाच रांगेतून वाचते आणि सिंकची वाट प्रत्येकाला पाहावीच लागते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये ही अडचण वेगळी कशी होते?

गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, एखादे खरे उपकरण थेट दिले आणि त्याच्यापुढे एसएमएमयूही उभा केला, तर भाषांतर दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्याचे कोष्टक गेस्टच्या ताब्यात असते आणि दुसऱ्याचे होस्टच्या, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या खऱ्या यंत्राच्या. गेस्टने आपल्या कोष्टकातली नोंद काढली की त्याला टीएलबीमधील नोंद रद्द करावी लागते, परंतु त्याच्यासमोरची कमांड क्यू अनुकरणाने, म्हणजे सॉफ्टवेअरने वठवून, उभी केलेली असते. गेस्टने प्रॉडमध्ये लिहिताच प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो, केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा कर्नेलचा भाग) ती घटना क्यूईमूकडे (गेस्टपुढे यंत्र उभे करणाऱ्या प्रोग्रामकडे) देतो, क्यूईमू गेस्टच्या मेमरीतून कमांड वाचतो, त्या आयओएमएमयूएफडीमार्फत (अशा प्रोग्रामना आयओएमएमयू वापरू देणाऱ्या कर्नेलच्या सोयीमार्फत) होस्ट कर्नेलला देतो, कर्नेल त्यांतील उपकरण आणि व्हर्च्युअल मशीन यांचे क्रमांक बदलून खऱ्या रांगेत टाकतो, सिंकची वाट पाहतो, आणि मग हाच सारा रस्ता उलट चालून नियंत्रण गेस्टकडे परत येते. हार्डवेअरला जे काम करायला फारच थोडा वेळ लागतो, त्याच्यासाठी हा सगळा प्रवास आहे. नेटवर्कवरच्या प्रत्येक पॅकेटमागे एकदा नोंद करायची आणि एकदा काढायची असा व्यवहार चालू असेल, तर खर्चाचा मोठा वाटा या ये-जा करण्यातच जातो.

मग ग्रेसमधल्या हार्डवेअरने काय केले आहे?

ग्रेसचे एनव्हीडियाच्या टेग्रा या चिपच्या कुळातले नाव टेग्रा२४१ आहे, म्हणून ड्रायव्हरच्या नावातही ते येते. या चिपमध्ये प्रत्येक एसएमएमयूच्या जोडीला सीएमडीक्यू-व्ही नावाचा भाग बसवला आहे. त्यात मूळ रांगेखेरीज अनेक व्हर्च्युअल क्यू असतात, आणि त्या व्हर्च्युअल इंटरफेस नावाच्या गटांत वाटता येतात. एक इंटरफेस होस्ट स्वतःसाठी ठेवतो आणि बाकीचे एकेका व्हर्च्युअल मशीनला देतो. गेस्टने आपल्या क्यूच्या प्रॉडमध्ये लिहिले की ते लिहिणे थेट हार्डवेअरपर्यंत पोचते, मध्ये कोणी पडत नाही.

आमच्या वाचनात हळूहळू ध्यानात आलेली गोष्ट अशी की, रांगा वाढवणे हा या कामातला सोपा भाग आहे. गेस्टला नेमके काय थेट हाताळू द्यायचे आणि काय नाही, आणि दिलेली वस्तू परत केव्हा घ्यायची, या सीमारेषा आखण्यातच ड्रायव्हरचा बहुतेक कोड खर्ची पडला आहे. पुढची बरीचशी उत्तरे त्याच मुद्द्याभोवती आहेत.

आर्मच्या प्रमाणित रचनेतील एन्हान्स्ड कमांड क्यू हीच गोष्ट नाही का?

नाही. आर्मने एसएमएमयूच्या ३.३ आवृत्तीत एन्हान्स्ड कमांड क्यू आणल्या, त्या एकाच कर्नेलच्या अनेक कोरांमधली गर्दी कमी करण्यासाठी. त्यांच्यात येणारी कमांड कोणत्या गेस्टची आहे हे पाहून तिच्यावर बंधन घालण्याची सोय नाही, त्यामुळे ती रांग जशीच्या तशी गेस्टच्या हाती देता येत नाही.

हे काम मुख्य कर्नेलमध्ये केव्हा आले?

पहिले प्रस्ताव २०२१मध्ये मांडले गेले. होस्ट आणि गेस्ट कर्नेलला लागणारा ड्रायव्हर नोव्हेंबर २०२४च्या ६.१२ आवृत्तीत आला. गेस्टला रांग थेट देण्यासाठी लागणारे वापरकर्ता-बाजूचे काम टप्प्याटप्प्याने झाले: आयओएमएमयूएफडीमध्ये व्हर्च्युअल आयओएमएमयू आणि व्हर्च्युअल उपकरण या संकल्पना जानेवारी २०२५च्या ६.१३मध्ये आल्या, घटना कळवण्याची रांग ६.१५मध्ये आली, आणि हार्डवेअर क्यू ही वस्तू सप्टेंबर २०२५च्या ६.१७मध्ये. चार वर्षे ऐकून नवखे सदस्य दचकतात. त्या काळातला बराचसा भाग या ड्रायव्हरखाली लागणारा पाया सर्व कंपन्यांच्या हार्डवेअरला चालेल असा घालण्यात गेला, आणि माझ्या मते तो वेळ योग्य ठिकाणी गेला.

हा स्वतंत्र ड्रायव्हर का नाही? तो एसएमएमयूच्या ड्रायव्हरच्या पोटात का बसवला?

कारण एसएमएमयूशिवाय त्याला अस्तित्वच नाही. एसीपीआयमध्ये, म्हणजे फर्मवेअरने कर्नेलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात, सीएमडीक्यू-व्हीसाठी वेगळी नोंद असते, आणि ती कोणत्या एसएमएमयूची जोडीदार आहे हे दोघांच्या ओळख-क्रमांकावरून ठरते. एसएमएमयूचा ड्रायव्हर सुरू होताना अशी जोडी सापडली, तर तो आपली रचना मोठ्या रचनेत वाढवून घेतो. त्या मोठ्या रचनेच्या सुरुवातीला मूळ एसएमएमयूची रचना असते आणि तिच्यापुढे सीएमडीक्यू-व्हीची माहिती. ६.१२मधील मूळ ड्रायव्हरमध्ये काही मोजक्या ठिकाणी फंक्शन पॉइंटर ठेवले आहेत: रचना तयार करताना, रीसेट करताना, उपकरण काढताना, आणि "या कमांडसाठी दुसरी रांग आहे का" असे विचारताना. या चार जागा सोडल्या तर मूळ ड्रायव्हरला सीएमडीक्यू-व्हीचा पत्ताही नसतो.

यातला एक निर्णय मला विशेष आवडतो. सीएमडीक्यू-व्ही सुरू करताना काहीही बिघडले, तरी ड्रायव्हर तसा संदेश लॉगमध्ये लिहून एसएमएमयूच्या नेहमीच्या रांगेवर परत येतो आणि यंत्र सुरू होते. जादा सोयीच्या बिघाडामुळे मूळ सोय बंद पडू नये, हे तत्त्व ज्याला ड्रायव्हर लिहायचा आहे त्याने येथून उचलावे.

होस्ट आणि गेस्ट दोघांकडे एकच ड्रायव्हर चालतो. आपण कुठे आहोत हे त्याला कसे कळते?

व्हर्च्युअल इंटरफेसच्या कॉन्फिग रजिस्टरमध्ये "मालक हायपरव्हायजर आहे" असे सांगणारा एक बिट असतो; हायपरव्हायजर म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी होस्टची बाजू. ड्रायव्हर दोन्हीकडे तो बिट १ लिहितो आणि लगेच परत वाचतो. होस्टवर १ परत येतो. गेस्टच्या बाजूला तो बिट शून्यालाच बांधलेला आहे, त्यामुळे कितीही वेळा १ लिहिला तरी ० वाचायला मिळतो, आणि त्यावरून ड्रायव्हर समजतो की आपण मर्यादित अधिकाराच्या रांगेवर आहोत.

गेस्टला कोणत्या कमांड थेट देता येतात?

तीन, आणि त्यांच्या जोडीला सिंक. विशिष्ट पत्त्याची टीएलबी नोंद रद्द करणे, विशिष्ट ॲड्रेस स्पेसच्या सर्व नोंदी रद्द करणे, आणि पीसीआय उपकरणाने स्वतःजवळ ठेवलेले भाषांतर रद्द करणे, म्हणजेच एटीसी इन्व्हॅलिडेशन. उपकरणाच्या मूळ नोंदीला हात लावणाऱ्या कमांड या यादीत नाहीत, कारण त्या गेस्टच्या हाती दिल्या तर होस्टच्या नकळत व्यवस्था बदलता येईल.

परंतु या तीन कमांडही जशाच्या तशा सोडणे सुरक्षित नाही. गेस्ट लिहितो तो व्हर्च्युअल मशीनचा क्रमांक खोटा असू शकतो, म्हणून हार्डवेअर त्याच्याकडे पाहतच नाही. होस्टने इंटरफेस सुरू करताना कॉन्फिगमध्ये लिहिलेला क्रमांकच ते कमांडला लावते. उपकरणाच्या क्रमांकाचेही तसेच. गेस्टला आपले कार्ड समजा ८ क्रमांकाचे दिसते आणि खऱ्या यंत्रात त्याचा क्रमांक वेगळाच असतो. त्यासाठी प्रत्येक इंटरफेसमध्ये १६ जोड्यांचे कोष्टक आहे: एका बाजूला गेस्टला दिसणारा क्रमांक, दुसऱ्या बाजूला खरा. कोष्टक होस्ट भरतो, कमांड येताच हार्डवेअर क्रमांक बदलते, आणि ज्या उपकरणाची जोडी कोष्टकात नाही त्याच्यापर्यंत गेस्टची कमांड पोचू शकत नाही.

मग गेस्टने बाकीच्या कमांड कशा द्यायच्या?

जुन्याच वाटेने, म्हणजे अनुकरणाच्या रांगेतून. गेस्टमधला ड्रायव्हर प्रत्येक कमांड तपासतो. व्हर्च्युअल क्यूला ती चालत असेल तर तिथे जाते, नाही तर मूळ रांगेत जाते आणि होस्ट तिला नेहमीप्रमाणे हाताळतो. येथे एक खाच आहे. कर्नेल ६४ कमांडपर्यंतचा गठ्ठा एकदम पाठवतो. गठ्ठ्याच्या मध्येच न चालणारी कमांड आली, तर आधीचा गठ्ठा पुरा पाठवून नवा सुरू करावा लागतो. आमच्यातल्या एकाने वहीत हा भाग स्वतः लिहून पाहिला होता आणि त्यात नेमकी हीच तपासणी विसरली होती. कागदावर सगळे बरोबर दिसत होते, कारण नेहमीच्या वापरात असा मिश्र गठ्ठा क्वचितच तयार होतो.

सिंक पुरे झाल्याचे इंटरप्ट का येत नाही?

मूळ रांगेवरील सिंक इंटरप्टने किंवा मेमरीत खूण लिहून आपला शेवट कळवू शकते. व्हर्च्युअल क्यूवर दोन्ही सोयी वापरता येत नाहीत, म्हणून कर्नेल कॉन्स रजिस्टर पुन्हा पुन्हा वाचून वाट पाहतो. ही उणीव वाटते, पण इतक्या कमी वेळात पुऱ्या होणाऱ्या कामासाठी इंटरप्टची वाट पाहणेच महाग पडले असते.

प्रत्येक रांगेची रजिस्टरे दोन वेगळ्या पानांत का ठेवली आहेत?

सीमारेषा कोठे आखली आहे हे यावरूनच दिसते. पहिल्या ६४ केबीच्या पानात प्रॉड, कॉन्स, कॉन्फिग, स्थिती आणि दोष सांगणारी रजिस्टरे आहेत. हे पान गेस्टच्या पत्त्यांत थेट जोडले जाते आणि रोजचा सारा व्यवहार तेथेच होतो. रांगेचा पाया मेमरीत कोठे आहे हे सांगणारे रजिस्टर दुसऱ्या पानात आहे आणि ते गेस्टला थेट मिळत नाही. गेस्टने त्यात लिहिले की नियंत्रण क्यूईमूकडे जाते. गेस्टने लिहिलेला पत्ता गेस्टच्या दृष्टीने खरा असला तरी यंत्राच्या दृष्टीने तो खरा नसतो, आणि सीएमडीक्यू-व्ही मात्र रांग यंत्राच्या खऱ्या पत्त्यावरूनच वाचते. म्हणून होस्ट कर्नेल त्या पत्त्यामागची पाने शोधतो, ती जागेवर खिळवतो आणि खरा पत्ता हार्डवेअरला देतो. रांग जिवंत असेतो ती मेमरी गेस्टकडून काढून घेता येत नाही.

यातून एक अट निघते: रांगेखालची खरी पाने सलग असली पाहिजेत. गेस्टला आपली मेमरी सलग दिसते, पण तिच्याखाली होस्टने कुठली पाने घातली आहेत हे त्याला ठाऊक नसते. दूरच्या डेटा सेंटरमधल्या एका उधारीच्या यंत्रावर आम्ही हे पहिल्यांदा चालवले, तेव्हा गेस्ट सकाळी नीट सुरू झाला आणि दुपारी त्याच आदेशाने रांगेची विनंती नाकारली गेली. आम्ही दोन तास ड्रायव्हरमध्ये दोष शोधत बसलो. कारण साधे होते: सकाळी होस्टची मेमरी मोकळी होती म्हणून पाने योगायोगाने सलग मिळाली, आणि दुपारपर्यंत ती विखुरली होती. गेस्टची मेमरी ह्यूज पेजवर, म्हणजे मोठ्या आकाराच्या सलग पानांवर, ठेवल्यावर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

क्यूईमूसारख्या प्रोग्रामने आयओएमएमयूएफडीकडे कोणत्या क्रमाने मागणी करावी?

आधी व्हर्च्युअल आयओएमएमयू मागावा, त्याचा प्रकार टेग्रा२४१ असा सांगावा. यावेळी होस्ट एक व्हर्च्युअल इंटरफेस राखून ठेवतो. मग प्रत्येक उपकरणासाठी व्हर्च्युअल उपकरण तयार करावे, म्हणजे वर सांगितलेल्या कोष्टकात जोडी भरली जाते. त्यानंतर हार्डवेअर क्यू मागावी, आणि रजिस्टरांचे पहिले पान एममॅपने, म्हणजे आपल्या पत्त्यांत जोडून, घ्यावे आणि गेस्टला जोडावे.

इंटरफेसमध्ये एकाहून अधिक क्यू जोडायच्या असल्यास त्या चढत्या क्रमानेच जोडाव्या लागतात आणि सोडताना उतरत्या क्रमाने, कारण हार्डवेअरची तशी अट आहे. ड्रायव्हर ही अट केवळ दस्तऐवजात लिहून थांबत नाही. दुसरी क्यू पहिलीवर अवलंबून आहे अशी नोंद करतो, त्यामुळे दुसरी जिवंत असताना पहिली सोडण्याचा प्रयत्न फसतो. पान एममॅप केलेले असताना त्यामागची वस्तू नष्ट करू पाहिली तरी तेच होते. वापरकर्त्याचा प्रोग्राम शहाणा असेल या भरवशावर कर्नेलचा कोड लिहू नये, याचा हा चांगला नमुना आहे.

गेस्टने चुकीची कमांड लिहिली, किंवा मध्येच कोसळला, तर होस्टचे काय?

चुकीच्या कमांडने ती रांग थांबते आणि दोषाच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. बाकीच्या रांगा चालू राहतात. होस्टच्या स्वतःच्या रांगेत असे झाले तर ड्रायव्हर चुकलेल्या कमांडच्या जागी निरुपद्रवी सिंक लिहितो आणि रांग पुढे ढकलतो. गेस्टच्या रांगेला मात्र होस्ट हात लावत नाही. तो दोष घटनांच्या रांगेतून क्यूईमूला कळवला जातो, क्यूईमू तो गेस्टला इंटरप्ट म्हणून पोचवतो, आणि निस्तरणे गेस्टकडे राहते.

कोसळलेल्या गेस्टचे प्रकरण अधिक नाजूक आहे. एटीसी इन्व्हॅलिडेशनचे उत्तर पीसीआय उपकरणाकडून यावे लागते, आणि ते उपकरण गप्प राहिले तर कमांडची मुदत संपते. गेस्ट नेमका त्याच क्षणी गेला आणि रांग नुसती बंद करून पुढच्या व्हर्च्युअल मशीनला दिली, तर जुन्या गेस्टचा राहिलेला दोष नव्या गेस्टच्या पहिल्याच सिंकच्या माथी येऊ शकतो. म्हणून रांग परत घेताना ड्रायव्हर स्वतः एक सिंक पाठवून मागचे सारे निपटून घेतो, दोष पोचल्याची खूण करतो, आणि प्रॉड, कॉन्स व पायाचा पत्ता शून्य करतो. इंदूरच्या सराफ्यात दिवसा ज्या ओट्यावर सोन्याचे दुकान असते तेथेच रात्री खाण्याचा ठेला लागतो. सकाळी कुलूप उघडणाऱ्या सराफाला ओटा धुतलेला मिळायला हवा, तसेच हे आहे.

एखाद्या इंटरफेसच्या रांगा रिकाम्या पडून असतील तर त्या दुसऱ्याला मिळतात का?

मिळत नाहीत. ६.१२मधील ड्रायव्हर एकूण रांगांना इंटरफेसच्या संख्येने भागतो आणि तेवढ्या रांगा प्रत्येकाच्या वाट्याला ठेवतो. इंदूरच्या एबी रोडवरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आठवावी: मधली मार्गिका बसची, आणि बस येत नसली तरी शेजारी अडकलेल्या मोटारींना नियमाप्रमाणे तेथे शिरता येत नसे. येथे मात्र मी या कडक वाटणीच्या बाजूचा आहे, कारण रांगा उसन्या देण्या-घेण्याची सोय केली असती तर मागच्या उत्तरातली सफाई चालत्या व्यवहारात करावी लागली असती.

इंटरफेसच्या आत कोणता कोर कोणती रांग वापरणार हे कोरच्या क्रमांकाला रांगांच्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरते. कोडमधील टिप्पणीतच ही तात्पुरती तजवीज असल्याचे म्हटले आहे.

वेग किती वाढतो?

याला एक आकडा नाही, आणि असा आकडा सांगणाऱ्याला आधी कामाचे स्वरूप विचारावे. गेस्टने सुरुवातीलाच मेमरी एकदा जोडली आणि मग ती काढलीच नाही, जसे डीपीडीके (कर्नेलला वगळून नेटवर्क कार्ड थेट वापरणारी लायब्ररी) वापरणारे प्रोग्राम करतात, तर रद्द करण्याच्या कमांड जवळजवळ निघतच नाहीत आणि फरक दिसणार नाही. गेस्ट कर्नेल स्ट्रिक्ट पद्धतीने प्रत्येक नोंद ताबडतोब रद्द करत असेल, किंवा उपकरण आणि प्रोसेस एकच पत्ते वापरत असतील, तर फरक मोठा असतो. आळशी पद्धतीत नोंदी साठवून एकदम रद्द होतात, त्यामुळे तो मधे कुठे तरी पडतो.

आपल्या कामासाठी मोजायचे असेल तर ड्रायव्हरने सोय ठेवली आहे. एका पॅरामीटरने सीएमडीक्यू-व्ही पूर्ण बंद करता येते, आणि दुसऱ्याने हार्डवेअर सुरू ठेवून कमांड मूळ रांगेतून नेता येतात. दोन्ही स्थितींत कर्नेलमधलाच डीएमए मॅप बेंचमार्क चालवावा आणि जोडीला पर्फ या मोजमापाच्या साधनाने गेस्टमधून बाहेर पडण्याची संख्या मोजावी. आम्ही आधी नुसता वेळ मोजत होतो. बाहेर पडण्याची संख्या पाहू लागल्यावरच काय बदलले ते नीट कळले.

ग्रेसचे यंत्र हाताशी नसताना याचा अभ्यास होऊ शकतो का?

बऱ्याच अंशी होऊ शकतो. आमचा बहुतेक अभ्यास साध्या लॅपटॉपवर झाला. क्यूईमूच्या आर्म व्हर्ट यंत्राला एसएमएमयूची तिसरी आवृत्ती जोडता येते, आणि गेस्ट कर्नेलमध्ये ट्रेस लावून कमांड क्यूचा व्यवहार पाहता येतो. आयओएमएमयूएफडीच्या चाचण्या कर्नेलच्या सेल्फटेस्टमध्ये आहेत आणि त्यांना खोटे उपकरण पुरते. हार्डवेअर क्यूचा क्रम चुकवला की काय होते हे तेथे हाताने करून पाहता येते. खऱ्या हार्डवेअरची गरज वेग मोजताना आणि मुदत संपण्यासारखे दोष तपासताना लागते.

अशाच दुसऱ्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहायचा असेल तर पॅच कोणत्या क्रमाने मांडावेत?

पॅच म्हणजे कर्नेलच्या कोडमधला एकेक सुटा बदल; याच ड्रायव्हरच्या पॅचमालिकेचा क्रम पाहावा. सुरुवातीचे पॅच नव्या हार्डवेअरचे नावही घेत नाहीत. जुन्या कोडमधली फंक्शने "एसएमएमयूची एकुलती एक रांग" असे गृहीत धरत होती, त्यांना रांगेचा पॉइंटर वेगळा पाठवायला शिकवले, एवढेच त्या पॅचमध्ये आहे. वर्तन तेच राहते, म्हणून तपासणाऱ्याला ते पटकन मान्य करता येतात. त्यानंतर फंक्शन पॉइंटरांच्या जागा येतात, मग प्रत्यक्ष ड्रायव्हर, आणि अगदी शेवटी गेस्टच्या रांगेवरची कमांडची मर्यादा. आमच्याकडचे विद्यार्थी नेमके उलट करतात: हजार ओळींचा ड्रायव्हर आधी लिहितात आणि जुना कोड त्याच्याभोवती वाकवतात.

कोड वाचायला कोठून सुरुवात करावी?

मूळ एसएमएमयू ड्रायव्हरमधील कमांडची यादी रांगेत टाकणारे फंक्शन आधी वाचावे, आणि त्याच्या वरची लांब टिप्पणी दोनदा वाचावी. मग टेग्रा२४१ ड्रायव्हरमध्ये दुसरी रांग निवडणारे छोटे फंक्शन पाहावे. ते पडद्यावर एका नजरेत मावते. तेथून व्हर्च्युअल क्यू सुरू करणारे आणि बंद करणारे फंक्शन शेजारी-शेजारी उघडावे, आणि सुरू करताना लिहिलेले प्रत्येक रजिस्टर बंद करताना कोठे पुसले आहे ते पेन्सिलीने जोडत जावे. वापरकर्ता-बाजूचा भाग त्यानंतर घ्यावा. आमच्या गटाला या क्रमाने सहा रविवार लागले, त्यांतले दोन बंद करण्याच्या फंक्शनवरच गेले.